गांडूळबाईंचा प्रयोग

संस्थेत त्यांना सगळे गांडूळबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठ वळली की ‘गांडूळबाई’. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. सत्तावीस वर्षं जिने गांडुळांखेरीज दुसऱ्या कशाला हात लावला नाही, तिला लोकांनी म्हणायचं तरी काय? उलट एखाद्या मिळमिळीत साहेबाला कुणी ‘गांडूळ आहे नुसता’ म्हणालं, की राग यायचा तो बाईंनाच. “गांडूळ रोज स्वतःच्या वजनाइतकी माती उपसतं,” त्या म्हणायच्या. “हे साहेब काय उपसतात?”

त्यांची खोली तळमजल्याच्या टोकाला, जिन्याखाली होती. खिडकी होती, पण ती जमिनीलगतची, सायकलींच्या स्टँडकडे उघडणारी. त्यामुळे बाईंना माणसं गुडघ्यापर्यंतच दिसत. चपला-बुटांवरून कोण आलं, कोण गेलं हे त्या ओळखत. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बाटल्या आणि प्रत्येक बाटलीवर बाईंच्या मुंगीएवढ्या अक्षरातली चिठ्ठी. डब्यांतून गांडुळं यायची. ती पातळ केलेल्या अल्कोहोलमध्ये सोडायची, ढिली पडली की सरळ करायची, मग टिकवायच्या द्रावात ठेवायची. आणि एकेक सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन तोंडापासून वलयं मोजत जायचं. कितव्या वलयावर काय आहे, यावरून गांडुळाची जात ठरते. एका गांडुळाला सव्वा तास. बाईंनी कधी घाई केली नाही. घाई करून जायचं कुठे होतं?

घरी कुणी नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. दादा आणि वहिनी दुसऱ्या शहरात. वाढदिवसाला फोन यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, “ये एकदा” म्हटलं जायचं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. नुसतं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अशात एका सकाळी भिंगरी त्यांच्या दारात उभी राहिली. भिंगरी म्हणजे संस्थेच्या लोकविज्ञान विभागाची नवी प्रमुख. सामान्य माणसांपर्यंत विज्ञान पोचवायचं हे तिचं काम, आणि ते ती असं काही करायची, की तिला एका जागी उभी असलेली कुणी पाहिली नव्हती.

“बाई, तुमची जोडी लावलीय!”

“या वयात?” बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता विचारलं.

भिंगरी खदखदून हसली. मग तिने सगळं सांगितलं. एक शास्त्रज्ञ, एक कलावंत. कलावंताने तीन महिने शास्त्रज्ञाकडे येऊन बसायचं, समजून घ्यायचं आणि त्यातून लोकांसाठी काहीतरी उभं करायचं. पदार्थविज्ञानवाल्यांना एक चित्रकार मिळाला होता. बाईंच्या वाट्याला आला होता एक नट.

“तुमच्याकडेही प्रयोग, त्यांच्याकडेही प्रयोग,” भिंगरी म्हणाली. “योजनेचं नावच ठेवलंय, ‘दोन प्रयोग’. कसं आहे?”

“मला वेळ नाही,” बाई म्हणाल्या.

“मंगळवारी चार वाजता येतील ते,” भिंगरी म्हणाली आणि गेलीसुद्धा.

नट साठीला टेकलेला होता. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या नाटकांत डॉक्टर, घरमालक, मुलीचे काका अशी कामं केली होती. अलीकडे एकटाच उभा राहून दीड-दोन तास बोलायचे प्रयोग करायचा. बाईंना वाटलं होतं, हा आल्या आल्या हातवारे करून बोलत सुटेल. तो दारातच थांबला आणि म्हणाला, “मी नुसता बसलो तर चालेल?”

बाईंनी एक स्टूल पुढे सरकवलं. तो बसला. सव्वा तास बसला. ना घड्याळाकडे बघितलं, ना मोबाइल काढला. बाईंनी गांडूळ संपवलं, नोंद केली, टोपण लावलं, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

“एकोणिसाव्या वलयाशी तुम्ही थांबलात. ओठांनी मोजत होतात म्हणून कळलं. का थांबलात?”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. एकोणिसाव्या वलयापाशी त्या थांबल्या होत्या खऱ्या. तिथे एक बारीक छिद्र असायला हवं होतं आणि ते नव्हतं. सत्तावीस वर्षांत त्या कुठे थांबतात हे कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि साडेसहा कधी वाजले ते कळलं नाही.

त्यानंतर दर मंगळवारी तो येऊ लागला. बाईंनी दुसरा कप आणून ठेवला. सोमवारी रात्री त्या उद्या काय दाखवायचं ते मनात ठरवू लागल्या. तसलं काही त्यांच्या मनात नव्हतं. नटाला बायको होती, ती त्याचे कपडे शिवायची आणि तिच्याबद्दल तो आपणहून, कौतुकाने बोलायचा. बाईंना ते आवडायचं. बुधवार ते सोमवार हे दिवस मात्र पूर्वी नुसते दिवस होते, ते आता मंगळवारच्या अलीकडचे-पलीकडचे झाले.

“यांना दहा हृदयं असतात म्हणे?” एकदा त्याने विचारलं. त्याच्या डोळ्यांतच दिसत होतं, की रंगमंचावर हे वाक्य कसं फेकायचं ते त्याने ठरवून टाकलंय.

“शाळेच्या पुस्तकात लिहितात तसं. खरं तर ती हृदयं नव्हेत. रक्त पुढे ढकलणाऱ्या जाड नळ्या.”

“अहो बाई, माझं सगळ्यात चांगलं वाक्य गेलं!”

“गेलं तर गेलं.”

“मग हृदय म्हणजे काय असतं?”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “तीही जाड नळीच,” त्या म्हणाल्या.

नट इतका हसला, की स्टूल हललं. आपण विनोद केला हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी जाताना बसमध्ये त्या आठवत राहिल्या, आपल्या बोलण्यावर शेवटचं कोण हसलं होतं. आठवलं नाही.

सातव्या मंगळवारी वीज गेली. दिव्याशिवाय सूक्ष्मदर्शक म्हणजे नुसता लोखंडाचा ठोकळा. दोघं अंधुक उजेडात चहा घेत बसले. खिडकीतून पाय जात होते, येत होते.

“सुट्टीच्या दिवशी काय करता?” नटाने विचारलं.

“कपडे धुते. वर्तमानपत्र वाचते.” अंधार होता म्हणून असेल, बाई पुढचंही बोलून गेल्या. “आणि रविवारी एकदा मोठ्याने बोलून बघते.”

“काय बोलता?”

“काहीही. समोर दिसेल ते. ‘खुर्ची.’ ‘बादली.’ शनिवारी इथून निघाले, की सोमवारपर्यंत बोलायला कुणी नसतं ना. एकदा सोमवारी शिपायाने काहीतरी विचारलं आणि घशातून आवाजच फुटेना. तेव्हापासून एकदा बघून ठेवते, आहे का ते.”

अरेरे नाही, असं कसं नाही. नटाने कप खाली ठेवला, इतकंच. मग वीज आली आणि बाई घाईघाईने पुढच्या बाटलीचं टोपण काढू लागल्या.

नवव्या मंगळवारी त्याने संहिता आणली. चाळीस टंकलिखित पानं. “चुका काढा,” तो म्हणाला. “एकही ठेवू नका.” बाईंनी ती शनिवारी घरी नेली आणि लाल पेन्सिल घेऊन एका बैठकीत संपवली. कुठे जातीचं नाव चुकलं होतं, कुठे खोलीचा आकडा. एका ठिकाणी त्याने गांडूळ कापलं की दोन होतात असं लिहिलं होतं. तिथे बाईंनी इतक्या जोरात काट मारली, की कागद फाटला. त्रेसष्ट दुरुस्त्या झाल्या. मंगळवारी त्यांनी पानं परत दिली. त्याने वाकून नमस्कार केला आणि बाईंना त्या दिवशी शहाण्या विद्यार्थ्याच्या शिक्षिकेसारखं वाटलं.

प्रयोग संस्थेच्या सभागृहात होता, शनिवारी संध्याकाळी. भिंगरीने गावभर फलक लावले होते. दादा-वहिनींना तिनेच परस्पर निमंत्रण धाडलं होतं. ते आले, आणि बाईंना मध्ये घेऊन दुसऱ्या रांगेत बसले. तीनशे खुर्च्या भरल्या. मागे लोक उभे राहिले. गांडुळांसाठी लोक उभे राहतात हे बघून बाईंना भरून आलं.

पडदा वर गेला. रंगमंचावर एक टेबल, एक दिवा, एक स्टूल. नट आला, टेबलाशी बसला, चष्मा बोटाच्या मागच्या बाजूने वर सरकवला, मान किंचित डावीकडे कलती केली आणि ओठांनी काहीतरी मोजू लागला.

सभागृहात कुजबुज झाली, मग हशा पिकला. संस्थेची माणसं वळून वळून बाईंकडे बघू लागली. चाळीस पानांत ‘बाई’ होत्या, पण वाचताना बाईंनी फक्त चुका शोधल्या होत्या; त्यामुळे कळायला जरा वेळ लागला. त्याने गांडूळ नव्हे, बाई उभ्या केल्या होत्या.

आणि काय उभ्या केल्या होत्या! बाईंसारखं बोलता बोलता त्याने लोकांना मातीत नेलं. डोळे नसताना उजेड कसा कळतो, कान नसताना पाऊल कसं कळतं, पायाखालची जमीन कुणी खाल्ली आणि कुणी परत दिली. तीनशे माणसं श्वास रोखून ऐकत होती. जाड नळीचं वाक्य आलं तेव्हा टाळ्या थांबेनात. शास्त्राची एकही चूक नव्हती. बाई मनात एकेक दुरुस्ती पडताळून पाहत होत्या आणि सगळ्या जागच्या जागी होत्या.

मग तो स्टुलावरून उठला, पुढे आला.

“रविवारी दुपारी चारच्या सुमारास,” तो म्हणाला, “बाई एकदा मोठ्याने बोलून बघतात.” घसा साफ केला. “खुर्ची.”

लोक हसले.

“बादली.”

आणखी हसले.

तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं, पण बोलला नाही. तसाच उभा राहिला, तोंड उघडं ठेवून, वाट बघत. हशा एका कोपऱ्यातून विरत गेला. सभागृह इतकं शांत झालं, की वरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येऊ लागली. वहिनींनी अंधारात बाईंचा हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला नाही, पण त्यांचा हात लाकडासारखा झाला होता.

शेवटी सगळे उठून टाळ्या वाजवत राहिले. भिंगरीने बाईंना ओढत रंगमंचावर नेलं. लोकांनी हात हातात घेतले, डोळे पुसले, पाठीवर थोपटलं. दादा बाहेर दिव्याखाली उभा होता. “सांगायचंस ना ग,” एवढंच म्हणाला आणि नाक शिंकरलं.

सोमवारी संस्थेच्या उपाहारगृहात कुणीतरी चांगल्या मनानेच विचारलं, “काय बाई, आवाज आहे ना?” बाई हसल्या. मंगळवारी चौथ्या माणसाने तेच विचारलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. चार वाजले. दुसरं स्टूल आपण ओढून ठेवलंय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पर्स उचलली.

तालमीची जागा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. नट जमिनीवर बसला होता, पुढ्यात आकाशाचा नकाशा पसरून. बाईंना बघून तो लगबगीने उठला, खुर्ची झटकली.

बाई बसल्या नाहीत. “ते तुम्ही का सांगितलंत?”

“कोणतं?”

“रविवारचं.”

त्याने वाद घातला नाही. कोपऱ्यातल्या पेटीतून ती चाळीस पानं काढली, एकतिसावं उघडलं आणि बाईंच्या हातात दिलं. टंकलेलं होतं, ‘रविवारी संध्याकाळी बाई एकदा मोठ्याने बोलून बघतात.’ त्यातल्या ‘संध्याकाळी’वर लाल रेघ होती, आणि वर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘दुपारी चारच्या सुमारास’.

“मी त्या पानाशी दोन दिवस अडलो होतो,” नट हळू आवाजात म्हणाला. “शेवटी ठेवलं. म्हटलं, बाई खोडतील. तुम्ही खोडलं नाहीत. वेळ दुरुस्त केलीत. मला वाटलं, म्हणजे हो.”

बाई त्या अक्षरांकडे बघत राहिल्या. अक्षर त्यांचंच होतं. लिहितानाचं काहीच आठवत नव्हतं असं नाही, आठवत होतं. पेन्सिल तिथे थोडी थांबली होती, आणि मग त्यांनी जे बरोबर होतं ते लिहिलं होतं.

“मी चुका काढत होते,” त्या म्हणाल्या.

“मी तुम्हाला तोंडाने विचारायला हवं होतं. चुकलं माझं. काढून टाकू? पुढचा प्रयोग शुक्रवारी आहे. तुम्ही म्हणा, या क्षणी काढतो.”

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि जमीन थरथरली. बाईंनी पान परत इतर पानांत सरकवलं, कडा जुळवल्या.

“असू द्या,” त्या म्हणाल्या. “त्यात चूक नाहीये.”

मग इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्याने चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. दाराशी जाऊन त्या वळल्या. “पुढच्या मंगळवारी...”

नटाचा चेहरा ओशाळला. “पुढच्या मंगळवारपासून मी वेधशाळेत जातोय, बाई. तिथल्या शास्त्रज्ञसाहेबांशी जोडी लावलीय भिंगरीने माझी.”

“हो का. बरं झालं. चांगले गृहस्थ आहेत ते,” बाई म्हणाल्या. “बोलायला जरा वेळ लावतात. तुम्ही नुसते बसा.”

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. तो लबाड नव्हता, हे त्यांना कळत होतं. लक्ष देणं हे त्याचं काम होतं आणि ते त्याने जीव ओतून केलं होतं; त्यांनीही आपलं काम तसंच केलं असतं. एखाद्या गांडुळाशी सव्वा तास घालवल्यावर त्यांनी बाटलीला टोपण लावलं नव्हतं असं कधी झालं होतं? पण हे कळून छातीवरचं ओझं काही हलेना. बस आली, गेली. त्या दुसऱ्या बसने गेल्या.

प्रयोग गावोगावी होऊ लागले. भिंगरी दर महिन्याला येऊन आकडा सांगायची. नऊ झाले, सतरा झाले. जिथे बाई कधी गेल्या नव्हत्या अशा गावांत शेकडो माणसं त्यांना ओळखू लागली होती. इकडे दादाचा फोन रविवारी बरोबर चारला येऊ लागला. वहिनींनी गजर लावला असावा.

“काय चाललंय?”

“काही नाही.”

“बरं आहेस ना?”

“बरी आहे.”

“बरं मग.”

भाऊ-बहीण दोघंही बिचारे मनापासून बोलत. दुसऱ्या महिन्यात एक रविवार चुकला, मग दोन. पुढे फोन वाढदिवसालाच आला, आणि खरं सांगायचं तर बाईंचा जीव भांड्यात पडला.

हिवाळ्याच्या तोंडावर एका दुपारी खिडकीतून अनोळखी चपला दिसल्या. एका जागी बराच वेळ घुटमळल्या, मग दाराशी आल्या. पन्नाशीची एक बाई होती, हातात काचेची बरणी, बरणीत माती. चार तासांचा प्रवास करून आली होती. चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचं काम करते म्हणाली.

“तुमचा प्रयोग बघितला. म्हणजे त्यांचा. तर हे आणलंय. बघता का कुठलं आहे?”

बाईंनी माती उकरली. एक नजर पुरे होती. “साधंच आहे. सगळीकडे सापडतं.”

“वाटलंच होतं मला,” ती म्हणाली आणि उठली नाही.

बाईंनी नेहमीचा छापील कागद पुढे ओढला. कुणी आणलं, कधी, हे भरलं. ‘सापडल्याचं ठिकाण’ यापुढे एक ओळ होती.

“कुठे मिळालं?”

“घरामागे.”

“घरामागे कुठे? उन्हात, सावलीत? किती खोल?”

भिंगवालीने आधी बाईंकडे नीट बघितलं, हे सगळं खरंच हवंय का म्हणून. मग सांगू लागली. मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, तिसरी खचलीय. तिथे सांडपाण्याची चर जाते. चरीपलीकडे नवऱ्याने वाफा केला होता, तो गेल्यावर तिने त्यात काही लावलं नाही, पण उकरते अधूनमधून, नाहीतर माती घट्ट बसते. वीतभर खोल असेल. काळी माती, पण मध्येच विटांचे तुकडे लागतात. मुलगी म्हणते फरशी घालून टाक. तिला फरशी नको होती. का नको ते मात्र सांगता येत नव्हतं.

बाई लिहीत होत्या. ओळ केव्हाच संपली होती. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहू लागल्या. पायऱ्या, चर, विटांचे तुकडे. मध्ये दोनदाच त्यांनी थांबवलं. एकदा वाफ्याची लांबी विचारायला, आणि एकदा, तो वाफा कधीपासून रिकामा आहे ते.

“सहा वर्षं. या मार्चमध्ये सात होतील.”

पाचची बस होती तिची. बाई तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या, कारण संस्थेच्या बोळांत नवा माणूस हमखास चुकतो. वाटेत दोघी फारसं बोलल्या नाहीत. बस भरलेली आली. भिंगवाली दांडीला धरून उभी राहिली, तिने हात केला की तोल सावरला ते बाईंना नीट दिसलं नाही.

परत येऊन बाईंनी दिवा लावला. बरणी टेबलावर होती. शेजारीच पातळ अल्कोहोलची बशी भरून ठेवलेली होती. गांडूळ मातीत अर्धं आत, अर्धं बाहेर होतं आणि उजेड पडताच आत जाऊ लागलं होतं. साधीच जात. अशी चारशे फळीवर होती. बाईंनी थोडा वेळ ते बघितलं, मग बरणीत वरून दोन चमचे पाणी शिंपडलं, झाकणाला सुईने भोकं पाडली आणि ती खिडकीपासून दूर, सावलीत ठेवली. कागदावर एक रकाना रिकामा होता, बाटलीच्या क्रमांकाचा. तो त्यांनी तसाच ठेवला.